शैवालाच्या प्रयोगशाळेतलं पहिलं वर्ष

एमएस्सीला प्रोजेक्टसाठी मी क्लोरेला हे एकपेशी हिरवं शैवाल निवडलं. विहिरीत, हौदात शेवाळ आपोआप वाढतं, मग फ्लास्कमध्ये का नाही वाढणार, असं वाटायचं. पण एकच जात, दुसरं काहीही शिरू न देता वाढवायची, तर रोज राखण करावी लागते.

माझा प्रश्न साधा होता: माध्यमातलं, म्हणजे वाढीच्या पोषक द्रावणातलं, नायट्रेट (पेशीला नायट्रोजन पुरवणारा क्षार) कमी केलं तर क्लोरेला तेल साठवते का? फ्लास्कमधलं कल्चर (वाढवलेलं शैवाल) ६८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती अडवतं, याचं रोज सकाळी रीडिंग घ्यायचे. आठव्या दिवशी आकडा घसरला, फ्लास्क पिवळट दिसू लागले. कल्चर मेलं असं समजून मी दोन फ्लास्क ओतून दिले. तिसऱ्यातला थेंब एका सीनियर ताईने स्लाइडवर घेतला आणि मला बघायला बोलावलं. पेशी जिवंत होत्या, चांगल्या फुगलेल्या, आत चमकदार तेलाचे थेंब! ६८० वर हरितद्रव्य प्रकाश शोषतं, आणि नायट्रोजन कमी पडला की पेशी तेच मोडून वापरते. म्हणजे मी इतके दिवस हिरवेपणा मोजत होते, वाढ नाही. त्यानंतर ७५० वर, जिथे हरितद्रव्य जवळजवळ शोषत नाही, रीडिंग घ्यायला लागले आणि सोबत कोरडं वजनही. तुम्ही पहिल्या दिवसापासून दोन्ही करा.

रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या टबातलं हिरवं पाणी दोन दिवसांत निवळलं, तेव्हा स्लाइडवर रोटिफर, म्हणजे शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी, वळवळत होते. त्यांची शरीरं पारदर्शक, त्यामुळे पोटातलं क्लोरेला स्पष्ट दिसत होतं.

बाहेर वाढवायचंच असेल तर सुरुवात स्पिरुलिनाने करा. (शास्त्रानुसार ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू, पण काम शैवालाच्याच प्रयोगशाळेत चालतं.) त्याच्या झारूक माध्यमात लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं. इतक्या अल्कधर्मी पाण्यात फार थोडे जीव टिकतात, म्हणून घुसखोरी कमी. बायकार्बोनेट मात्र वेगळं निर्जंतुक करून माध्यम गार झाल्यावर घाला, नाहीतर तळाला पांढरा साका बसतो.

लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यातही याच गटातलं शैवाल वाढतं. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा अनेकांचा पहिला संशय शैवालावरच गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र मिठात वाढणारे हॅलोआर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे वेगळे सूक्ष्मजीव) निघाले. नुसत्या रंगावरून निदान करायचं नाही, हे मला तेव्हा पुन्हा पटलं.

पुढे जायचं असेल तर समुद्री शैवालासाठी भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था आहे. भातशेतीतल्या नीलहरित शैवालासाठी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था. अर्ज करण्याआधी कल्चर सांभाळण्याचा हात बसवून घ्या. मुलाखतीत त्याबद्दल बोलताना तो लगेच जाणवतो.

आणि मूळ कल्चरच्या नेहमी दोन नळ्या ठेवा, दोन वेगळ्या खोल्यांत, मंद उजेडात. प्रत्येकीवर जातीचं नाव आणि सबकल्चर केल्याची (ताज्या माध्यमात नवं कल्चर लावल्याची) तारीख, पुसली न जाणाऱ्या पेनाने.