माचा कडू लागतो? या चुका टाळा

माचाचा, म्हणजे जपानी ग्रीन टीच्या पावडरीचा, पहिला डबा मी अर्ध्यावरच टाकून दिला होता. चवीला कडूजहर, तळाशी हिरवा चिखल, वर कसेबसे चार बुडबुडे. यात लोकांना आवडतं तरी काय, असं म्हणून मी तो विषय बंद केला. पुढे काही महिन्यांनी एका मैत्रिणीने नेमक्या त्याच ब्रँडच्या पावडरीचा वाडगा माझ्यासमोर ठेवला. मऊ, किंचित गोडसर, आणि वर साईसारखा फेस. पावडर निर्दोष होती, सगळा घोळ माझ्या हातांचा होता.

साधा ग्रीन टी आपण गाळून घेतो. पानांतून पाण्यात उतरेल तेवढं आपलं, बाकीचा चोथा फेकायचा. माचात मात्र अख्खं पान दळलेलं असतं आणि ते सगळंच पोटात जातं. शिवाय ते विरघळत नाही, नुसतं पाण्यात तरंगत राहतं. गाळणीने चूक झाकायची सोयच नाही. पाणी जास्त तापलं, पावडर शिळी निघाली, गुठळी राहिली, तर सगळं थेट जिभेवर येतं.

उकळतं पाणी ओतणं

दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात. माचासाठीच्या झाडांवर तोडणीआधी साधारण 20 ते 30 दिवस सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि चवीला गोलाई देणारं थिऐनीन टिकून राहतं. उन्हात वाढलेल्या पानात त्याची जागा तुरट कॅटेचिन घेतात. एवढी निगा राखलेल्या पानावर खळखळतं पाणी ओतलं की उरलेली कॅटेचिन झपाट्याने सुटतात, सुवास उडून जातो आणि कडवटपणा तेवढा पुढे येतो.

पाणी 70 ते 80 अंशांवर हवं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उकळलेलं पाणी एका थंड कपात ओता, मग तिथून दुसऱ्या थंड कपात. प्रत्येक वेळी ते अंदाजे दहा अंशांनी उतरतं. वाडगाही आधी गरम पाण्याने विसळून, कोरडा पुसून घ्या. ओल्या वाडग्यात पावडर टाकली की ती तळाला चिकटून बसते.

न चाळता फेटणं

ही पावडर इतकी बारीक असते की डब्यात नुसती बसली तरी तिचे गोळे होतात. पारंपरिक दगडी जात्यातून तासाला जेमतेम 30-40 ग्रॅम माचा निघतो, म्हणजे छोट्या डब्यामागे तासभराचं दळण. पाण्यात गेल्यावर गुठळी बाहेरून भिजते, आत कोरडीच राहते. मग कितीही फेटा, ती फुटत नाही. बारीक गाळणीतून चमच्याने दाबून चाळायला दहा सेकंद लागतात. मी कंटाळा करून पाहिला आहे, दर वेळी पस्तावलो.

माझी रोजची कृती अशी: चाळलेली दोन ग्रॅम पावडर (सपाट छोटा चमचा) वाडग्यात घेतो. त्यावर आधी दोन चमचे पाणी घालून हलक्या हाताने पेस्ट करतो. मग साठ-सत्तर मिलिलिटर पाणी. आता बांबूची फेटणी, म्हणजे चासेन, तळाला न घासता मनगटातून भराभर पुढे-मागे. रवीसारखी गोल गोल फिरवली तर पाणी नुसतं भोवऱ्यासारखं फिरतं, फेस धरत नाही. पंधरा-वीस सेकंदांत वर फेस आला की फेटणी वर उचलून पृष्ठभागावर सावकाश फिरवायची. मोठे बुडबुडे फुटून फेस बारीक होतो.

फेस येतच नसेल तर आधी भांडं बघा. उंच, अरुंद मगात फेटणीला हलायलाच जागा नसते. पाणी जास्त झालं तरी तेच होतं. सेलवरचं फ्रॉदर, म्हणजे दूध फेसाळायचं छोटं यंत्र, चालतं का? खुशाल चालतं. सकाळच्या घाईत मीही तेच वापरतो. फेस जरा भरड येतो एवढंच. आणि करून ठेवू नका: पाच मिनिटांत पावडर खाली बसते आणि शेवटच्या घोटात सगळा चिखल तोंडात येतो.

शोभेच्या बरणीत ठेवणं

हिरवा रंग सुंदर दिसतो म्हणून मी पावडर काचेच्या बरणीत, खिडकीजवळ ठेवली होती. महिन्याभरात तिचा रंग सुकलेल्या गवतासारखा झाला आणि वासही तसाच यायला लागला. उजेड, हवा, उष्णता आणि दमट वाफ, चारही माचाचे वैरी. अपारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा हवा. डबा लहान घ्या आणि उघडल्यावर महिना-दोन महिन्यांत संपवा. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्या काढल्या झाकण उघडू नका. गार पावडरीवर हवेतलं बाष्प जमतं आणि तिथूनच गुठळ्यांना सुरुवात होते. डबा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

नावावर भुलणं

डब्यावर लिहिलेली ‘सेरेमोनियल ग्रेड’ (समारंभासाठीची प्रत) ही काही जपानची सरकारी प्रत नाही, विक्रेते ती आपापल्या मनाने लावतात. उजी, निशिओ, यामे अशी जपानमधल्या ठिकाणांची नावं, तोडणीचा हंगाम आणि पावडरीचा रंग यांवरून जास्त कळतं. पिवळट, खाकी झाक असली तर सोडून द्या. मागचा मजकूरही वाचा. घटकांत साखर पहिली असेल तर तुम्ही साखरच विकत घेताय. दुधात घालायचा असेल तर मात्र सगळ्यात महागड्या पावडरीवर पैसे उधळू नका, दूध तिची नाजूक चव गिळून टाकतं. तिथे जरा ठसठशीत, कडवट माचाच शोभतो. पण तोही आधी थोड्या पाण्यात फेटा आणि मगच त्यात दूध ओता.

‘ग्रीन टीच तर आहे’ म्हणून चार-चार कप

दोन ग्रॅम माचात साठेक मिलिग्रॅम कॅफीन असतं. संध्याकाळी सहाला प्यायलात आणि रात्री छताकडे बघत पडलात, तर दोष उशीला देऊ नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 आणि गरोदरपणात 200 मिलिग्रॅम कॅफीनपर्यंतची मर्यादा सांगितली आहे, आणि त्यात कॉफी, चॉकलेट सगळं धरायचं. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर आधी काहीतरी खा. रक्तात लोह कमी असेल तर जेवणासोबत घेऊ नका, कारण चहातले घटक अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. तासाभराचं अंतर ठेवा.

फेटणी साबणाने घासणं

बांबू साबणाचा वास धरून ठेवतो. वापरण्याआधी फेटणी मिनिटभर कोमट पाण्यात बुडवा, म्हणजे तिचे काटे लवचिक होतात आणि पटकन तुटत नाहीत. नंतर नुसत्या पाण्यात खळबळून उघड्यावर वाळवा. ओली असताना डबीत बंद केली की बुरशी ठरलेली. आणि नव्या फेटणीच्या मधोमध काट्यांची घट्ट गुंडाळी दिसली तर सदोष माल आला म्हणून परत पाठवू नका. मी पाठवायला निघालो होतो. ती पहिल्या काही वापरांत आपोआप उलगडते.