सोर्स कंट्रोल: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

लातूर, परभणी, नांदेडकडून बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर करून जी मुलं-मुली छत्रपती संभाजीनगरला कामाला येतात, त्यांना गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, कमांड बहुतेक पाठ असतात. ॲड (बदल निवडणं), कमिट (त्यांची नोंद करणं), पुश (नोंदी सर्व्हरवर पाठवणं) धाडधाड म्हणून दाखवतात. कमिट कधी करायचं, एका कमिटमध्ये किती कोंबायचं आणि मेसेजमध्ये काय लिहायचं, हे मात्र कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं. आमची टीम छोटी आहे, आडत्यांसाठी आणि जिनिंगवाल्यांसाठी हिशोबाची सॉफ्टवेअर करते. म्हणून उदाहरणंही तिथलीच देतो.

आडत दुकानातला जुना मुनीम रोजकीर्दीत खाडाखोड करत नाही. चूक सापडली की उलट नोंद टाकतो. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. गिट रिव्हर्ट हेच करतं: जुनी कमिट पुसत नाही, तिच्या उलटी नवी कमिट टाकतं. ही पद्धत कामाला यायची असेल तर नोंदी वाचण्यासारख्या हव्यात. 'अपडेट', 'चेंजेस', 'फायनल' असले मेसेज सहा महिन्यांनी कुणाच्या कामाचे? 'हमाली पोत्याऐवजी क्विंटलवर, बाजार समितीच्या नव्या दरपत्रकानुसार' असं लिहिलं तर गिट ब्लेम लावणाऱ्याला ती ओळ कुणी बदलली हे तर कळतंच, का बदलली हेही कळतं. मेसेज मराठीत लिहिला तरी गिटला काही अडचण नाही. टीमचं जे ठरलं असेल ते करा.

दुसरं, बटणाचा रंग आणि जीएसटीचं राउंडिंग एकाच कमिटमध्ये घालू नका. याचा फायदा गिट बायसेक्ट वापराल त्या दिवशी समजेल. गेल्या महिन्यात बरोबर येणारी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद) आज चुकतेय आणि मध्ये हजार कमिट झाल्यात. बायसेक्ट दर वेळी उरलेल्या निम्म्या बाद करत जातं आणि साधारण दहा तपासण्यांत नेमकी कमिट हातात देतं. त्या कमिटमध्ये चाळीस फाइली एकदम बदललेल्या असतील, तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

कॉन्फ्लिक्टला नवी मंडळी फार घाबरतात. स्क्रीनवर सात बाण डावीकडे, मध्ये सात बरोबरची चिन्हं, खाली सात बाण उजवीकडे. दोघांनी तीच ओळ बदलली, आता तुम्ही ठरवा, एवढंच गिट विचारतंय. ज्याने दुसरी बाजू लिहिली त्याच्या खुर्चीपाशी जा, दोघं मिळून ठरवा, बाण काढून टाका, संपलं. मला भीती वाटते ती कॉन्फ्लिक्ट न येणाऱ्या मर्जची (दोघांचे बदल एकत्र करण्याची). समजा एकाने हमालीचं फंक्शन पोत्याऐवजी क्विंटल घेईल असं बदललं. त्याच दिवशी दुसरीने वेगळ्याच फाइलमध्ये नवी पट्टी लिहिली आणि जुन्या सवयीने त्या फंक्शनला पोत्यांचा आकडा दिला. गिटला दोन फाइलींत दोन वेगळे बदल दिसतात, मर्ज बिनबोभाट होतं, आणि सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीत, पोतं पन्नास किलोचं असेल तर, हमाली दुप्पट लागते. गिट ओळी जुळवतं, त्यांचा अर्थ त्याला कळत नाही. म्हणून मर्जनंतर टेस्ट चालवायच्या, आणि मुख्य ब्रँचमध्ये (सगळ्यांच्या कामाच्या मूळ शाखेत) काही जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते वाचायचं. चार जणांच्या टीममध्येसुद्धा.

"सर, मी कवाचं पुश करायलोय, पण होईना झालंय."

हे वाक्य दर बॅचला ऐकू येतं. स्क्रीनवर 'रिजेक्टेड' असतं. तुमच्या आधी कुणीतरी पुश केलेलं असतं आणि तुमच्याकडे ते अजून आलेलं नसतं, एवढाच त्याचा अर्थ. आधी फेच (सर्व्हरवरचं नवं आणणं), मग मर्ज किंवा रिबेस (आपल्या कमिट त्याच्यावर पुन्हा रचणं), मग पुश. नेटवर शोधलं की पहिलं उत्तर 'फोर्स लावा' असं मिळतं. सगळ्यांच्या ब्रँचवर ते लावलंत तर सहकाऱ्याचं काम सर्व्हरवरच्या ब्रँचमधून उडतं. एकट्याच्या ब्रँचवर रिबेसनंतर लावावंच लागलं तर 'फोर्स विथ लीज' वापरा; मध्ये दुसऱ्याचं काही आलं असेल तर ते सहसा अडवतं. आणि घाईत स्वतःची कमिट हरवलीच, तर रडण्याआधी गिट रिफ्लॉग बघा; ब्रँच आधी कुठे होती ते त्यात सापडतं.

आता साधनं. गिटच का, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. २००५ मध्ये लिनक्सच्या लोकांना बिटकीपर हे सोर्स कंट्रोलचं साधन फुकट वापरता येईना, तेव्हा लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने जगभर विखुरलेल्या लोकांसाठी गिट लिहिलं. पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, राउटर बंद पडतो, तरी लॅपटॉपवर कमिट, ब्रँच, लॉग सगळं चालू राहतं, पुश संध्याकाळी. सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या साधनात कमिटला सर्व्हर लागतोच.

म्हणून सबव्हर्जन टाकाऊ ठरत नाही. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात कॅडची ड्रॉइंग आणि पीएलसीचे (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचे) प्रोग्राम सांभाळायचे असतील, तर त्यातल्या बऱ्याच फाइली बायनरी (ओळीओळीने न वाचता येणाऱ्या) असतात आणि दोघांचे बदल कुठलंच साधन नीट एकत्र करू शकत नाही. तिथे फाइल लॉक करून एकाने काम करणं हाच शहाणपणा, आणि ते सबव्हर्जनमध्ये सरळ जमतं. गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडणीतही लॉक आहे, पण कमांड लाइन कधी न उघडलेल्या मेंटेनन्सच्या माणसाला टॉरटॉइजचं (सबव्हर्जनच्या विंडोजवरच्या प्रोग्रामचं) राइट क्लिक सोपं जातं. तिथे नोकरी लागली तर पहिल्या आठवड्यात 'गिट आणा' म्हणू नका.

वेबची कामं करणाऱ्या छोट्या टीमला गिटहब, म्हणजे गिटचा कोड ठेवायची वेबसाइट, पुरतं. २०२० पासून खासगी रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) कितीही जण फुकट घेता येतात. कोड आपल्याच ऑफिसात राहावा असा ग्राहकाचा हट्ट असेल तर गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, पण ते रॅम भरपूर खातं. जुन्या मशीनवर गिटी हे त्याच कामाचं हलकं सॉफ्टवेअर निवांत चालतं. फक्त मग बॅकअप तुमच्या गळ्यात. खरं तर तिथेच माझं मत फिरतं: बॅकअप रोज तपासणारा माणूस नसेल तर स्वतःचा सर्व्हर नको.

ब्रँचिंगमध्ये गिटफ्लोचं (अनेक ब्रँच ठेवायच्या एका ठरीव पद्धतीचं) चित्र सगळ्या कोर्समध्ये असतं. ते मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रिसनने २०१० चा तो लेख २०२० मध्ये पुन्हा उघडून वर टीप लिहिली, की सतत डिप्लॉय होणाऱ्या (वापरणाऱ्यांपर्यंत जाणाऱ्या) वेब ॲपसाठी याहून सोपी पद्धत घ्या. आम्ही एक मुख्य ब्रँच आणि दोन-तीन दिवसांत संपणाऱ्या छोट्या ब्रँच ठेवतो. अजून तरी काही अडलेलं नाही.

डेटाबेसचा पासवर्ड कमिट झाला आणि पुढच्या कमिटमध्ये तुम्ही तो काढला, तरी इतिहासात तो आहेच. आधी पासवर्ड बदला, सीनियरला सांगा, साफसफाई नंतर. पासवर्डची फाइल पहिल्याच दिवशी गिटइग्नोरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत) टाका.

जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर दोन ठिकाणी अडाल. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलंय. टोकन किंवा एसएसएच की लागते. आणि व्हिडिओत जिथे मुख्य ब्रँचचं नाव 'मास्टर' दिसतं तिथे नव्या रिपॉझिटरीत बहुधा 'मेन' असतं. तिसरी अडचण खास आपली: फाइलचं नाव देवनागरीत असलं की गिट स्टेटस त्याजागी तिरप्या रेघा आणि आकड्यांची रांग दाखवतं. फाइल बिघडलेली नसते. गिट कॉन्फिगमध्ये 'कोअर डॉट कोटपाथ' फॉल्स करा, 'हमाली_दर' पुन्हा 'हमाली_दर' दिसायला लागतं.