व्यसनमुक्ती आणि ट्रॉमाच्या प्रशिक्षणाला निघण्याआधी

फी भरायची घाई करू नका. घोडबंदर रोडपासून वाशी-नेरूळपर्यंत समुपदेशनाचे कोर्स आता पुष्कळ झालेत आणि सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच गुळगुळीत असतात. ती बाजूला ठेवा आणि सरळ फोन लावा. शिकवणारी व्यक्ती आजही स्वतः रुग्ण पाहते का, ते विचारा. खऱ्या माणसासमोर बसायला मिळणार की नुसते रोल प्ले, तेही विचारा. आणि बसल्यावर तुम्ही काय बोललात, कुठे घाबरलात, हे नंतर कोण ऐकून घेणार? म्हणजे सुपरव्हिजन कोण देणार? यावर ‘आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेवा.

उपाधीचाही हिशेब आताच करून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; ही परिषद १९९२ च्या कायद्याखाली चालते. गोळी लिहून देणं डॉक्टरांचं काम. दोन शनिवार-रविवारांत ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ करून देणारं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण त्याने यातलं काहीच मिळत नाही. ईएमडीआरसारख्या (डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेऊन आघातावर करायच्या उपचारासारख्या) पद्धतींचं प्रशिक्षण तर मुळात आधीपासून या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी असतं. तुमच्या पात्रतेवर तुम्ही काय करू शकता आणि काय करायचं नाही, हे एका कागदावर लिहून काढा. यादीतलं ‘करायचं नाही’ हे जितकं नेमकं, तितका तुमच्यासमोर बसणारा माणूस सुरक्षित.

व्यसन आणि मानसिक आघात, म्हणजेच ट्रॉमा, हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. तुमच्याकडे येणारा माणूस मात्र एकच असतो. लहानपणी मार खाल्लेला, झोप यावी म्हणून पिणारा, पिऊन पुन्हा अपघात आणि भांडणं ओढवून घेणारा. म्हणून दोन्ही विषय एकत्र हाताळणारा कोर्स मिळाला तर तो घ्या. नाहीच मिळाला तर व्यसनाचं आधी शिका. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही, पण कारण साधं आहे: व्यसनाच्या बाजूला जीव जायची घाई जास्त असते.

ती घाई म्हणजे काय, ते वर्ग सुरू व्हायच्या आधी पाठ करून ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर सहा तासांपासून चोवीस तासांच्या आत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस भ्रमात जाऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या लोकांशी बोलणं सुरू होतं, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर यात मृत्यू येतो. हे नेहमी कुठे घडतं माहीत आहे? पाय मोडला म्हणून हाडांच्या दवाखान्यात दाखल झालेल्याला तिसऱ्या रात्री. दारूचं कुणी विचारलेलंच नसतं. तेव्हा ‘उद्यापासून बंद करा’ हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही निघता कामा नये, समोर बायको हात जोडून बसली असली तरी. विचारायचा प्रश्न एवढाच: शेवटचं कधी घेतलं, आणि आधी कधी सोडताना फिट आली होती का? उत्तर ऐकून लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं. गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, गणित उलटं आहे. सोडताना माणसाला जीव नको नको होतो, अंग फुटतं, पण त्याने सहसा जीव जात नाही. धोका नंतर येतो. महिनाभर केंद्रात राहून बाहेर पडलेला जुन्याच मापाने घेतो, शरीराला ते माप आता झेपत नाही आणि श्वास थांबतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन, जे आपल्या भागातल्या तरुण पोरांत फिरतं, त्यावर तर ओढ थांबवणारं नेमकं औषधच नाही. तिथे सगळी भिस्त बोलण्यावर.

लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशी स्टिकरं तुम्ही पाहिली असतील. घरचे तुम्हाला पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारतील, नाहीतर चहात गोळी मिसळून मोकळे झालेले असतील. त्या गोळीत डायसल्फिरम असू शकतं. ते पोटात असताना वर दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचं असतं. हे बायकोला तिच्यावर आरोप न करता कसं सांगाल, ते घरी आरशासमोर बोलून बघा. तिने गोळी दिली ती वैराने नव्हे, जीव मेटाकुटीला आला म्हणून.

आता मापं. ‘किती पिता?’ला ‘थोडीशी’ हेच उत्तर येतं, म्हणून हिशेब तुम्हाला यायला हवा. भारतात एक प्रमाण पेय म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचे ३० मिली. नाइन्टी म्हणजे तीन. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे सहा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चारच्या आसपास जाते, हे ऐकून ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारे गप्प होतात. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ४० पैकी गुण. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पट्ट्यात गेलं असं धरतात. ती मराठीतून, न वाचता, गप्पा मारल्यासारखी विचारता येईपर्यंत सराव करा. कागद पुढे धरून प्रश्न वाचलेत की माणसाला पोलिस चौकी आठवते.

प्रश्नावली तोंडपाठ झाली तरी डोकं चालू ठेवावं लागतं. केज नावाची चार प्रश्नांची छोटी चाचणी आहे. तिचा शेवटचा प्रश्न सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का, असा. वाशीच्या एपीएमसीतल्या माथाडीला हा प्रश्न जसाच्या तसा विचारून बघा. भाजीच्या गाड्या रात्री लागतात, तांबडं फुटायच्या आत पाठीवरून मालाची ने-आण झालेली असते. सकाळी दहाला सुटून घोट घेणाऱ्या माणसाची ती संध्याकाळ आहे. तो ‘हो, सकाळी घेतो’ म्हणेल आणि तुम्ही फुकट खूण कराल. दुसरा ‘सकाळी? छे!’ म्हणेल, आणि तोच संध्याकाळी झोपेतून उठल्यावर हात थरथरतात म्हणून ग्लास शोधत असेल. विचारायचं असं: ‘झोपून उठल्यावर पहिलं काय लागतं?’ रिक्षावाले, सिक्युरिटी गार्ड, कॉल सेंटरची पोरं, ऐरोली-महापे पट्ट्यातल्या तीन पाळ्यांतले कामगार, सगळ्यांना हेच लागू. तुमच्या ओळखीत अशा पाळीत काम करणारं कुणी असेल तर वर्ग सुरू व्हायच्या आधी त्याच्याबरोबर चहा प्या आणि त्याचा दिवस तासागणिक समजून घ्या. मशेरी आणि तंबाखूचं मात्र वेगळं विचारावं लागतं. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही, बायका तर नाहीच.

बोलण्याच्या सरावासाठी एक जोडीदार गाठा. प्रेरक संवादाची (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची) पद्धत मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली, तीही दारूच्या रुग्णांबरोबरच्या कामातूनच. कोर्समध्ये ती शिकवतीलच, पण एक सवय आधी मोडून या: समोरच्याला पटवायची. जोडीदाराला म्हणायला सांगा, ‘बायको उगाच कटकट करते.’ तुमच्या जिभेवर येईल, ‘अहो, पण त्यांचं बरोबरच आहे ना.’ संपलं, पुढची वीस मिनिटं तो स्वतःची वकिली करणार. त्याऐवजी म्हणा, ‘घरात शिरलं की त्याच विषयावर वाजतं.’ आणि थांबा. खरोखर थांबा, पंख्याचा आवाज येईपर्यंत. बऱ्याचदा पुढचं वाक्य त्याच्याकडून येतं: ‘वाजतं म्हणजे… आता मुलगी पण बोलत नाही माझ्याशी.’ उपदेशाच्या बाबतीत आपण मराठी माणसं अंमळ उदार आहोत, त्यामुळे हा सराव नेमका जड जातो.

ट्रॉमाची तयारी म्हणजे मुख्यतः हात आवरायची तयारी. जुनी जखम उकरली की बरी होते असा समज सिनेमांनी पसरवलाय. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी मांडलेला क्रम आजही बहुतेक ठिकाणी शिकवतात: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग लोकांत परतणं. नवख्याने पहिल्या टप्प्यापाशीच थांबावं. झोप, जेवण, आज रात्री राहायला सुरक्षित जागा, पिऊन आलेल्याशी लांबलचक बोलणं नाही. आठवणीत वाहून जाणाऱ्याला परत कसं आणायचं ते शिकून ठेवा: पाय जमिनीवर टेकवायला लावा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारा, कानावर पडणारे आवाज मोजायला सांगा. हे शांत केबिनमध्ये सगळ्यांना जमतं. तुम्ही ते बाजूला टीव्ही चालू असताना आणि सासूबाई दारात उभ्या असताना करून बघा, कारण गृहभेटीला एका खोलीच्या घरात तेच असणार. मोठी दुर्घटना घडली तर नियम अजून कडक. २०१३ च्या एप्रिलमध्ये शीळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ माणसं गेली. अशा ठिकाणी जाणाऱ्याने पाणी, निवारा, नातेवाइकांची माहिती यातूनच सुरुवात करायची असते. ‘काय पाहिलंस ते सगळं बोलून टाक’ असं एकाच बैठकीत वदवून घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढाच मानसिक प्रथमोपचार.

कायद्याचं वाचन कंटाळवाणं असतं, तरी टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये आला आणि २०१८ मध्ये लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था त्यात येतात, म्हणून असा उपचार करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी लागते. रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, हे कलम ११५ मध्ये आहे. गुप्ततेचा हक्कही आहे, पण त्याला अपवाद आहेत. सगळ्यांत मोठा अपवाद लहान मुलांचा: २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यास कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. म्हणून ‘हे आपल्या दोघांतच राहील’ असं वचन देऊ नका. काय कुठे सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत, चहा-पाण्याच्या सुरात सांगायचं वाक्य तयार ठेवा.

थोडी पाहणी करून या. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ असं अख्खी मुंबई पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आली. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, जिथे तपासून घ्यायला लोक आपण होऊन जातात. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ चं, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं. जिथे इंटर्नशिप मिळेल तिथे आधी एकदा नुसते जाऊन बसा. नोंदणीचा कागद कुठे लावलाय ते बघा आणि स्वयंपाकघर पाहू द्या म्हणा. जेवण कसं मिळतं यावरून रुग्णांना माणूस समजतात की कैदी, ते कळतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला आधारगट, त्याच्या खुल्या सभेलाही जा. तिथे वही काढायची नाही, फोन तर नाहीच.

स्वतःच्या घराकडे बघायचं राहिलं. या कोर्सला येणाऱ्यांत कितीतरी जणांच्या घरात वडील, भाऊ किंवा नवरा पिणारा असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तीच ओढ इथे आणते. पण वडिलांवरचा राग दुसऱ्याच्या वडिलांवर निघायला वेळ लागत नाही. स्वतःसाठी समुपदेशक आधीच ठरवा, घरचं माणूस पीत असेल तर अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाच्या सभेत बसा. आणि घरी सांगून ठेवा की अमुक वारी मी उशिरा येणार, आल्यावर तासभर मला काही विचारू नका. सुपरव्हिजनची फी महिन्याच्या खर्चात धरा. नातेवाईक ‘आमच्या बंड्याला जरा समजावून सांग’ म्हणतील; नाही म्हणायला आताच शिका, बंड्यासाठी दुसऱ्या कुणाचा पत्ता द्या.

सामान फारसं नाही. जाड वही, कारण नोंदी फोनमध्ये ठेवू नयेत. त्या वहीत रुग्णाचं नाव नको, आद्याक्षरही नको. पाण्याची बाटली. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशीला जाणार असाल तर एक गाडी आधीची पकडा, धावत येऊन कुणाचं ऐकून घेता येत नाही. कोऱ्या कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या करून ठेवा आणि प्रत्येकीवर हाताने लिहा: टेलिमानस १४४१६, नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मुलांसाठी १०९८. छापील पत्रक खिशात सापडलं तर घरात प्रश्न सुरू होतात. चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमागे बसते.