शेल आणि सॉलिडची सीमा बिजागरी होऊ नये म्हणून

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शॉपचं प्रेशर व्हेसल (दाब झेलणारी टाकी) ताण तपासायला आलं की फिनाइट एलिमेंट मॉडेल ठरलेलं: कवच शेलमध्ये (जाडी नुसती आकड्यात भरलेला पृष्ठभाग), नोझल (टाकीचं नळीसारखं तोंड) आणि भोवतालचं वेल्ड सॉलिडमध्ये (खऱ्या जाडीचे ठोकळे). दोन्हींचे नोड (एलिमेंटचे जोडबिंदू) जुळवले, रन एररशिवाय संपला, तरी उत्तर चुकलेलं असू शकतं.

शेलच्या नोडला तीन दिशांना सरकता येतं आणि तीन अक्षांभोवती फिरताही येतं. सॉलिडचा नोड फक्त सरकतो. नुसते नोड जुळवले तर शेलमधला मोमेंट (वाकवणारा जोर) पलीकडे जातच नाही, सीमेवर बिजागरी होते. सपाट पट्टीत हे लगेच उघड होतं: पट्टी लटकते, सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) सिंग्युलॅरिटी, म्हणजे समीकरणं सुटत नाहीत, म्हणून ओरडतो. नोझलभोवतीच्या गोल सीमेवर मात्र कवचाचा बाक तिला सावरून धरतो. सॉल्व्हर गप्प राहतो, आणि फसायला होतं ते इथेच.

सीमा वेल्डला खेटून ठेवू नका. सिलिंडरमध्ये वाकण्याचा परिणाम √(Rt) च्या मापाने विरतो, म्हणून 2.5√(Rt) एवढं अंतर सोडा. मध्य त्रिज्या 600 मिमी आणि जाडी 10 मिमी असेल तर हे 194 मिमी येतं, 200 धरा.

शेल सॉलिडच्या जाडीच्या बरोबर मध्यावर यायला हवा. घाईत बाहेरचाच पृष्ठभाग उचलला जातो. 10 मिमीच्या सपाट प्लेटमध्ये 10 एमपीए ताण असताना शेल 5 मिमी सरकला आणि प्लेटला आडवा आधार नसला, तर 30 एमपीएचा खोटा बेंडिंग स्ट्रेस उभा राहतो. खऱ्याच्या तिप्पट! सॉलिडमध्ये जाडीत किमान दोन क्वाड्रॅटिक (कडांच्या मध्येही नोड असलेले) एलिमेंट ठेवा.

जोडणीसाठी अबॅकस सॉफ्टवेअरमध्ये शेल-टू-सॉलिड कपलिंग वापरा. शेलच्या सेक्शनमधली जाडी सॉलिडएवढीच भरा, कारण कपलिंगचा पल्ला मुळात शेलच्या निम्म्या जाडीचा असतो. 10 च्या जागी 8 टाकलं तर कडेचे नोड सुटू शकतात. अ‍ॅन्सिसमध्ये बॉन्डेड कॉन्टॅक्ट, फॉर्म्युलेशन एमपीसी (नोडच्या हालचाली समीकरणांनी बांधणारं). नास्ट्रानमध्ये आरबीई3 (अनेक नोडच्या हालचालींच्या सरासरीने एक नोड हलवणारी जोडणी) लावलं तर शेलचा नोड डिपेंडंट आणि सॉलिडचे इंडिपेंडंट. सॉलिडचे हे सगळे नोड एकाच रेषेत नकोत, नाहीतर त्या रेषेभोवतीचं फिरणं मोकळंच राहतं. आरबीई2 (नोड एकमेकांना कडक बांधणारी जोडणी) चा मोह टाळा: जाडीतलं आकुंचन अडतं आणि सीमेवर नसलेला स्ट्रेस दिसतो.

खऱ्या मॉडेलआधी 200×50×10 मिमीची स्टीलची पट्टी घ्या, अर्धी सॉलिड, अर्धी शेल. सॉलिडचं टोक पक्कं धरा, शेलच्या टोकावर 100 न्यूटन आडवा भार द्या. ई (स्टीलचा लवचिकता गुणांक) 200 जीपीए धरल्यास टोक सुमारे 0.32 मिमी खाली यायला हवं. मग आधार काढून मोडल (नैसर्गिक कंपनांचं विश्लेषण) चालवा: शून्याजवळच्या फ्रिक्वेन्सी सहाच, म्हणजे मोकळ्या पट्टीच्या तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या, दिसाव्यात, सातवी दिसली तर बिजागरी शिल्लक आहे.

व्हेसलवर सीमेलगतच्या शेलमधला मोमेंट वाचा. वाकणं अपेक्षित असताना तो सीमेकडे येता येता शून्यावर गेला, तर कपलिंग लागलेलंच नाही. सीमेला लागून असलेल्या एलिमेंटच्या पहिल्या ओळीतला स्ट्रेस रिपोर्टमध्ये घेऊ नका.