जादूचा अंधार पडला की कुणाला काय दिसतं? टेबलावर कसं ठरवायचं

कोल्हापुरात आम्ही रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (आपापलं पात्र घेऊन टेबलावर खेळायचा, डाइस टाकून गोष्ट पुढं न्यायचा खेळ) खेळतो आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त वाद 'डार्कनेस' या अंधार पाडणाऱ्या एका स्पेलवरनं, म्हणजे मंत्रावरनं होतात. "मला दिसतंय, तुला कसं दिसंल?" सुरू झालं की भडंग संपतं पण राउंड काय संपत नाही. म्हणून आमच्यात जे चालतं ते सांगतो, नियम 2014 च्या पाचव्या एडिशनचे धरलेत.

आधी अंधार कुठला ते विचारा. साध्या अंधारात एल्फ, ड्वार्फ अशा डार्कव्हिजनवाल्या (अंधारात बघायची नजर असलेल्या) पात्रांना 60 फुटांपर्यंत अंधुक उजेडासारखं दिसतं. आणि लांब कुणी मशाल घेऊन उभा असला तर तो सगळ्यांनाच दिसतो, मधे कितीका अंधार असंना. जादूच्या अंधारात डार्कव्हिजन चालत नाही, मशाल पेटवून पण काय उपयोग नाही.

मग नकाशावर गोल काढा. त्रिज्या 15 फूट, म्हणजे 5 फुटांच्या ग्रिडवर मध्यापासून चारी बाजूला तीन-तीन घरं. इंची ग्रिड असंल तर काळ्या कार्डशीटचा 6 इंची गोल कापून ठेवा, चहाची बशी उपडी ठेवून पेन्सिल फिरवली तरी भागतं. फक्त हा चेंडूसारखा गोळा आहे, वर-खाली पण मोजायचा. आम्ही एक मोहीम पन्हाळ्याच्या अंधारबावीत ठेवली होती, तिला तीन मजले, पाणी सगळ्यात खाली, तिथं मधल्या मजल्यावर डार्कनेस टाकला आणि जिन्याच्या वळणाआड उभा असलेला प्लेअर म्हणतोय मी भिंतीमागं आहे, मी सुटलो. नाही सुटत भावा, हा अंधार कोपऱ्यावरनं वळतो, 15 फुटांच्या आत असलास की संपलं.

आता खरा निर्णय, आणि तो डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकायचा. हा अंधार काळ्या भिंतीसारखा आहे, का नुसती उजेड नसलेली जागा? नुसती जागा धरली तर आत बसलेल्याला बाहेरचा उजेडातला माणूस साध्या अंधारासारखाच दिसतो, बाहेरच्याला मात्र आतला दिसत नाही. म्हणजे कुणीबी तिरंदाज आत बसून फुकटचा ॲडव्हांटेज (दोन डाइस टाकून मोठा आकडा धरायचा) घेणार, दुसऱ्या लेव्हलच्या स्पेलला हे लई झालं. नियमात डार्कव्हिजनवाल्यालासुद्धा या अंधारातनं 'आरपार' दिसत नाही असं लिहिलंय, त्यामुळं आम्ही भिंतच धरतो. मग काम सोपं होतं: बघणाऱ्यापासून ज्याला बघायचंय तिथंपर्यंत सरळ रेघ मारा, रेघ गोळ्याला शिवली की दिसत नाही. आतून बाहेर नाही, बाहेरून आत नाही, आणि गोळ्याच्या दोन बाजूला उभे असलेले दोघं पण एकमेकाला दिसत नाहीत. हे तिसरं लोक हमखास विसरतात.

हल्ल्याचा डाइस टाकताना दोन प्रश्न. मला तो दिसतोय का? नसंल तर डिसॲडव्हांटेज (दोनातला लहान आकडा). त्याला मी दिसतोय का? नसंल तर मला ॲडव्हांटेज. दोघं आंधळे असले की दोन्ही कटतात आणि साधा एकच डाइस पडतो, त्यामुळं नुसत्या तलवारबाजीत या स्पेलनं फारसा फरक पडत नाही. खरी मजा दुसरीकडं आहे. "जो तुम्हाला दिसतो" असं लिहिलेले स्पेल टाकताच येत नाहीत, आणि न दिसणारा जवळून निसटला तर अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर मिळणारा आयता वार) पण मिळत नाही. वेढ्यातनं पळायला एक नंबर! दिसत नाही म्हणजे लपला असं मात्र नाही हं, पावलांचा आवाज येतो, कुठल्या घरात आहे ते कळतं, लपायचं असंल तर ॲक्शन (आपल्या पाळीतली कृती) घालवून स्टेल्थ रोल (लपण्याचा डाइस) करायलाच लागतो.

अपवाद. वॉरलॉक या जादूगाराचं 'डेव्हिल्स साइट' (एक खास नजर) 120 फुटांपर्यंत या अंधारात पण नीट बघतं, ट्रूसाइटला (सगळं खरं दिसणाऱ्या नजरेला) पण अडचण नाही, आणि ब्लाइंडसाइटवाल्याला डोळ्यांची गरजच नसते. उजेडाच्या स्पेलचं म्हणाल तर दुसऱ्या लेव्हलपर्यंतचा उजेड गोळ्याला भिडला की विझतो, तिसऱ्या लेव्हलचा 'डेलाइट' उलट डार्कनेसलाच उडवतो.

स्पेल जागेवर न टाकता हातातल्या गोटीवर टाकला तर अंधार तुमच्याबरोबर फिरतो, आणि गोटी झाकणाच्या डब्यात घातली की बंद. शत्रूच्या हातातल्या तलवारीवर टाकता येत नाही, दरवेळी कुणीतरी विचारतंच. आणि हे सगळं कॉन्सन्ट्रेशनवर (टाकणाऱ्याचं लक्ष टिकेपर्यंत), जास्तीत जास्त 10 मिनिटं. टाकणाऱ्याला मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्याचा डाइस), 10 किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असंल ते गाठायचं. नाही गाठलं तर अंधार तिथंच जातो, म्हणून कार्डशीट मिनिएचरच्या (पात्रांच्या छोट्या बाहुल्यांच्या) खाली सरकवून ठेवा, वर झाकू नका, नाहीतर ती उचलताना कोण कुठं होतं यावरनं परत भांडण.