मोठ्या बटणांचा वायरवाला फोन : जोडताना आणि वापरताना या चुका टाळा

घरातील ज्येष्ठांसाठी मोठ्या बटणांचा फोन घेताना बहुतेक जण आकडे किती ठळक आहेत एवढेच पाहतात. फोन आणून भिंतीवरच्या सॉकेटला जोडला आणि रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन ऐकू आला, की काम झाले असे समजले जाते. मग हळूहळू तक्रारी येऊ लागतात : मुलीचा नंबर लागत नाही, घंटा ऐकू येत नाही, वीज गेली की फोनही बंद पडतो, बाहेरून केव्हाही लावला तरी एंगेज लागतो. यांपैकी फारच थोड्या तक्रारी उपकरणातील बिघाडाच्या असतात. मोठी बटणे नजरेची अडचण दूर करतात. लाइन, साठवलेले क्रमांक आणि आवाज यांची व्यवस्था मात्र जोडणाऱ्यालाच लावावी लागते.

लाइन तांब्याची की फायबरची, हे न पाहता फोन जोडणे

जुन्या तांब्याच्या लाइनवर टेलिफोन एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांकडून सुमारे ४८ व्होल्टचा दाब येतो आणि साधा वायरवाला फोन त्यावरच चालतो. म्हणूनच घरची वीज गेली तरी फोन सुरू राहतो, ही आपल्या आधीच्या पिढीची समजूत खरी होती. आता अनेक ठिकाणी त्याच क्रमांकाची जोडणी फायबरवर गेली आहे. अशा घरात फोनची वायर भिंतीत जात नाही, तर फायबरच्या डब्यात, म्हणजे ओएनटीमध्ये, जाते. आणि तो डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की डबा बंद, आणि डबा बंद की फोन मुका. फोन बदलून यात काहीही फरक पडत नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवणे हाच यावरचा उपाय आहे, मात्र तो घेण्यापूर्वी डब्याच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात एकटे राहणाऱ्या व्यक्तीसाठी फोन घेत असाल, तर फोनइतकेच महत्त्व या यूपीएसला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डब्याला फोन जोडताना हमखास होणारी चूक म्हणजे प्लग लॅनच्या (इंटरनेटच्या वायरीसाठीच्या) खाचेत बसवणे. फोनचा आरजे-११ प्लग लॅनच्या मोठ्या खाचेत सहज शिरतो, त्यामुळे तो योग्य जागी बसला असे वाटते. प्रत्यक्षात डायल टोन तर येत नाहीच, शिवाय खाचेतील कडेच्या पिना वाकण्याची शक्यता असते. फोनची खाच आकाराने लहान असते आणि तिच्यावर ‘फोन’, ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ असे इंग्रजीत लिहिलेले असते. अशा दोन खाचा असतील, तर क्रमांक बहुधा त्यांपैकी एकीवरच सुरू केलेला असतो, म्हणून दोन्ही तपासून पाहाव्यात. इंटरनेट नीट चालत असूनही दोन्ही खाचांवर डायल टोन नसेल, तर आवाजाची सेवा सुरू झालेली नाही असे समजून कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

काही घरांत हौसेने आणखी एक प्रयोग केला जातो. फायबरचा डबा दिवाणखान्यात असतो आणि जुन्या वायरिंगमुळे स्वयंपाकघरात व आतल्या खोलीत फोनचे सॉकेट असतात, म्हणून डब्यातील फोनची वायर थेट भिंतीवरच्या जुन्या सॉकेटला जोडली जाते. हे करता येते, पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी घराच्या वायरिंगपासून पूर्णपणे सोडवलेली असली पाहिजे. ती तशीच राहिली आणि त्या जोडीवर एक्स्चेंजचा दाब असला, तर डब्याचे फोनचे पोर्ट निकामी होऊ शकते. हे काम लाइनमनकडून करून घेणे शहाणपणाचे.

तांब्याच्या लाइनवरच ब्रॉडबँड असलेल्या घरात सॉकेट आणि फोन यांच्यामध्ये स्प्लिटर, म्हणजे बोलणे आणि इंटरनेट यांचे संकेत वेगळे करणारी छोटी डबी, लागतो. नवा फोन जोडण्याच्या गडबडीत तो काढून ठेवला, की बोलताना सतत सूं-सूं असा आवाज येतो आणि दोष नव्या फोनला दिला जातो. सोसायटीच्या इंटरकॉमची वायर आणि बाहेरच्या लाइनची वायर यांचीही अशीच गल्लत होते, कारण दोन्ही प्लग सारखेच असतात आणि दोन्हींवर डायल टोन येतो. वॉचमनच्या केबिनला फोन लागतो पण गावाला लागत नाही, अशी तक्रार आली तर सर्वप्रथम हेच तपासावे.

क्रमांक मोबाइलमध्ये आहे तसाच साठवणे

मोठ्या बटणांच्या फोनवर बहुधा तीन किंवा अधिक थेट बटणे असतात. काहींवर फोटो लावण्याची सोय असते. नातवाच्या फोटोवर बोट ठेवले की नातवाला फोन, इतकी ही सोय सरळ आहे आणि नेमकी तिथेच सर्वांत जास्त चूक होते. १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना दहा आकड्यांच्या आधी शून्य लावणे आवश्यक आहे, मग तो मोबाइल शेजारच्या खोलीत का असेना. मोबाइलवरून मोबाइलला फोन करताना हे शून्य लागत नाही, त्यामुळे क्रमांक साठवणाऱ्या तरुण माणसाच्या ते ध्यानातच येत नाही. तो आपल्या मोबाइलमधील दहा आकडे जसेच्या तसे भरतो आणि दुसऱ्या गावी निघून जातो. नंतर बटण दाबले की दरवेळी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. ती सूचना घाईत बोललेली, अनेकदा दुसऱ्या भाषेत असते, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना ‘समोरचा उचलत नाही’ एवढाच बोध होतो.

याच प्रकारची दुसरी चूक म्हणजे ‘अधिक ९१’ ने सुरू होणारा क्रमांक भरणे. लँडलाइनच्या फोनवर अधिकचे चिन्ह नसते, म्हणून भरणारा ते गाळून नुसते ९१ आणि पुढचे दहा आकडे भरतो. तो क्रमांक लागत नाही. मोबाइलसाठी शून्य आणि दहा आकडे, आपल्याच एसटीडी क्षेत्रातील लँडलाइनसाठी स्थानिक क्रमांक, दुसऱ्या शहरातील लँडलाइनसाठी त्या शहराचा शून्यासह कोड, म्हणजे पुण्यासाठी ०२०, नागपूरसाठी ०७१२, कोल्हापूरसाठी ०२३१, आणि मग स्थानिक क्रमांक, असा साधा नियम ठेवावा. मुलगा अमेरिकेत असेल तर ००१ पासून सुरुवात होईल, परंतु त्यासाठी लाइनवर आयएसडीची सोय सुरू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

क्रमांक साठवण्याची पद्धत मॉडेलनुसार बदलते, म्हणून येथे पायऱ्या देत नाही. त्या सोबतच्या पुस्तिकेत असतात आणि ती पुस्तिका टाकून देऊ नये. पद्धत कोणतीही असो, प्रत्येक बटण दाबून प्रत्यक्ष फोन लागतो आणि योग्य माणूसच उचलतो, याची खात्री केल्याशिवाय फोटो चिकटवू नयेत. ज्या फोनमध्ये सेल असतात, त्यांत ते संपले किंवा बराच वेळ काढून ठेवले, तर काही मॉडेलमधील साठवलेले क्रमांक पुसले जातात. सेल बदलल्यावर बटणे पुन्हा तपासावीत. ठळक अक्षरांत क्रमांकांचा एक कागद फोनजवळ चिकटवलेला असावा, आणि त्यावरही मोबाइल क्रमांक शून्यासहितच लिहावेत.

पहिले, सर्वांत सोपे बटण ११२ या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकासाठी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. बोट चुकून पडण्याची शक्यता त्याच बटणावर सर्वाधिक असल्यामुळे तिथे दोन मिनिटांत दारात येऊ शकणाऱ्या शेजाऱ्याचा क्रमांक ठेवावा. ११२ हे तीनच आकडे आहेत, ते कागदावर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले पुरेत.

सावकाश डायल करण्याला लागणारी अडचण

एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘मी बरोबर नंबर लावते, तरी मध्येच टूं-टूं होते.’ असे सांगणाऱ्या व्यक्तीवर विश्वास ठेवावा, कारण ती बहुधा खरे सांगत असते. दोन आकड्यांमध्ये काही सेकंदांहून जास्त वेळ गेला, तर क्रमांक पूर्ण झाला किंवा अर्धवट सोडला असे एक्स्चेंज किंवा फायबरचा डबा समजतो. कागदावर पाहायचे, एक आकडा शोधायचा, दाबायचा, पुन्हा कागदाकडे वळायचे, अशा पद्धतीने अकरा आकडे लावताना ही मुदत सहज ओलांडली जाते, आणि बटणे कितीही मोठी असली तरी कागद ते फोन हा नजरेचा प्रवास कमी होत नाही. नेहमीचे क्रमांक थेट बटणांवर ठेवणे हा पहिला उपाय. दुसरा उपाय म्हणजे डिस्प्ले असलेला असा फोन, ज्यात रिसीव्हर न उचलता आधी पूर्ण क्रमांक दाबून तो पडद्यावर पाहता येतो आणि मग रिसीव्हर उचलल्यावर किंवा ठरावीक बटण दाबल्यावर फोन लागतो. खरेदी करताना ही सोय आहे का, हे मुद्दाम विचारावे.

डायल करण्याशी संबंधित आणखी एक छोटी कळ फोनच्या बाजूला किंवा खाली असते. तिच्यावर ‘टी’ आणि ‘पी’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती ‘टी’, म्हणजे टोनवर असावी. आकडा दाबल्यावर सूर येण्याऐवजी टिक-टिक असा आवाज आला, तर कळ ‘पी’कडे, म्हणजे पल्सकडे, सरकली आहे. पल्सवर फोन लागला तरी बँकेचे ‘मराठीसाठी अमुक दाबा’ ऐकून दाबलेले बटण पलीकडे पोहोचत नाही, आणि फायबरच्या अनेक डब्यांना पल्स मुळीच कळत नाही. फोन पुसताना ही कळ नकळत सरकते.

घंटा, आवाज आणि रिसीव्हर

घंटेचीही अशीच एक कळ असते : मोठा, लहान आणि काही फोनमध्ये बंद. नवा फोन ‘लहान’वर असणे अगदी शक्य आहे, म्हणून ती पहिल्याच दिवशी ‘मोठा’वर करावी आणि दुसऱ्या खोलीतून, दार लावून व पंखा सुरू ठेवून, घंटा ऐकू येते का ते पाहावे. एकाच लाइनवर तीन-चार फोन समांतर जोडले असतील, तर घंटेसाठी येणारी ताकद सगळ्यांत वाटली जाते आणि प्रत्येकाची घंटा मंद होते. फायबरच्या डब्यावर हे अधिक जाणवते. वापरात नसलेला जुना फोन काढून टाकला, तरी फरक पडतो.

कानात यंत्र वापरणाऱ्यांनी रिसीव्हर कुठे धरायचा, हे सहसा कोणी सांगत नाही. कानामागे बसणाऱ्या यंत्राचा मायक्रोफोन कानाच्या वर किंवा मागे असतो. रिसीव्हर नेहमीसारखा कानाच्या छिद्रावर धरला, तर आवाज यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. रिसीव्हर थोडा वर, यंत्राजवळ धरावा. यंत्रात फोनसाठीची ‘टी’ सोय असेल आणि फोनचा रिसीव्हर तिच्याशी जुळणारा असेल, तर ती सुरू केल्यावर खोलीतील टीव्हीचा गोंगाट वगळून फक्त फोनमधले बोलणे ऐकू येते. काही फोनमध्ये वाढवलेला आवाज रिसीव्हर ठेवताच पुन्हा मूळ पातळीवर येतो. हा बिघाड नसून पुढच्या माणसाच्या कानाचे रक्षण आहे.

सतत एंगेज लागणाऱ्या फोनचे कारण दहापैकी नऊ वेळा रिसीव्हर तिरका ठेवला जाणे हेच असते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रिसीव्हरची स्प्रिंगसारखी वायर पिळली गेली, की ती रिसीव्हरला एका बाजूला ओढते आणि खालची खटकी पूर्ण दबत नाही. अशा वायरचे फोनकडचे टोक काढून रिसीव्हर हवेत लोंबकळू द्यावा; पीळ आपोआप सुटतो. स्पीकरचे बटण चुकून दाबले गेले असेल, तरीही लाइन उघडी राहते. भिंतीवर फोन लावताना रिसीव्हर अडकण्यासाठी खाचेतील प्लॅस्टिकचा छोटा तुकडा अनेक मॉडेलमध्ये काढून उलटा बसवावा लागतो. हे न केल्यास रिसीव्हर घसरून पडत राहतो आणि दोष वापरणाऱ्याच्या थरथरत्या हातांना दिला जातो.

खरखर येत असेल तर

पावसाळ्यात, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, तांब्याच्या लाइनवर खरखर वाढते, कारण बाहेरच्या जोडांत पाणी शिरते आणि तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो. फोन उघडून पाहण्याआधी सॉकेटपर्यंतची वायर बदलून पाहावी, मग चालू असलेला दुसरा फोन त्याच सॉकेटला लावावा. दुसऱ्या फोनवरही खरखर असेल, तर लाइन घरात जिथून शिरते तिथल्या पहिल्या डबीवर थेट फोन जोडून ऐकावे. तिथे आवाज स्वच्छ असेल तर दोष घरातल्या वायरिंगचा. तिथेही खरखर असेल तर तो बाहेरचा, आणि मग १९८ वर किंवा कंपनीच्या ग्राहकसेवेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. डबीतील उघड्या तारांना हात लावू नये : घंटा येत असताना त्यांवर सुमारे ७५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो आणि झटका चांगलाच जाणवतो. विजा कडाडत असताना वायरवाल्या फोनवर बोलू नये; गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढून ठेवावा. नंतर तो पुन्हा जोडून डायल टोन ऐकण्याची जबाबदारी घरातील एका ठरावीक व्यक्तीकडे असावी, कारण पावसानंतर ‘डेड’ झाल्याची तक्रार असलेल्या काही फोनचा प्लग टेबलामागे नुसता पडलेला सापडतो.