१७७९ च्या न्यूयॉर्कमध्ये हेर बनून राहायचंय? मग आधी दुकान नीट चालवा

पहिली गोष्ट, वेषांतर बिषांतर डोक्यातून काढा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात नेथन हेल हा अमेरिकन हेर शाळामास्तर बनून ब्रिटिशांच्या भागात घुसला, २१ वर्षांचा पोरगा, पकडला गेला आणि २२ सप्टेंबर १७७६ ला खटला वगैरे काही न चालवता सरळ फाशी. त्यानंतर अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या लोकांनी जी कल्पर रिंग (‘कल्पर’ हे टोपणनाव वापरणाऱ्या हेरांची टोळी) उभी केली तिच्यात बहुतेक जण आपापल्या धंद्यातच होते. रॉबर्ट टाउनसेंड न्यूयॉर्कमधला व्यापारी, त्याने धंदा सोडू नये असं खुद्द वॉशिंग्टनचं मत होतं, कारण दुकान आहे म्हटल्यावर चार ठिकाणी फिरता येतं, चौकशा करता येतात, कोणी विचारत नाही.

आता पत्र. लहानपणी आपण लिंबाच्या रसाने लिहून वर इस्त्री फिरवायचो ना, ते इथे अजिबात करू नका, ब्रिटिशांनाही माहीत आहे ते 😄 जेम्स जे नावाच्या डॉक्टरची शाई मिळवा, ती धग लागून उमटत नाही, तिच्यावर दुसरं द्रावण फिरवावं लागतं. वर साध्या शाईत घरगुती मजकूर आणि मधल्या कोऱ्या जागेत खरी बातमी. नावं लिहायचीच नाहीत, आकडे लिहायचे: वॉशिंग्टन ७११, न्यूयॉर्क ७२७, तुम्ही (म्हणजे टाउनसेंड) ७२३.

आणि लिहिताना दाराला कडी लावा बाबांनो. दुसरा कल्पर, अब्राहम वुडहल, शेजारच्या खोलीत ब्रिटिश ऑफिसर असताना लिहीत बसला होता, ओळखीच्यांनी गंमत म्हणून धाडकन आत येऊन त्याला दचकवलं, हा घाबरून उठला, टेबल आडवं आणि एवढ्या मुश्किलीने मिळालेल्या शाईची बाटली फुटली.

पुढचं काम ऑस्टिन रोचं, तो लाँग आयलंडवरच्या सेटॉकेट गावचा खानावळवाला, सामान आणायच्या निमित्ताने न्यूयॉर्कला जाऊन पत्रं सेटॉकेटला आणायचा, घोड्यावरून ९० किलोमीटरच्या आसपास एका बाजूने. तिथून केलेब ब्रूस्टर होडीने खाडीपार कनेटिकटला. ॲना स्ट्राँग दोरीवर काळा परकर वाळत घालून ब्रूस्टर आल्याची खूण करायची म्हणतात, पण ती दंतकथा धरून चाला, तुमचा प्लॅन त्या परकरावर नको.

शेवटचं, युद्ध संपलं तरी गप्पच. टाउनसेंड १८३८ मध्ये वारला, घरी काही बोलला नाही, १९३० च्या आसपास जुन्या हिशेबवह्यांमधलं अक्षर त्या पत्रांशी जुळलं तेव्हा कुठे कळलं हाच तो ७२३.